पंधरा नंबरचा शिक्का

"हा बघ मावशी, तुमच्या बायकांनी उलटा बसवलाय," असं म्हणून भाच्याने बॅटरीचा झोत रेडिओच्या पोटात टाकला आणि हसला. हसण्यात वाईट काही नव्हतं. तो दातांचा डॉक्टर आहे. दिवसभर लोकांची तोंडं उघडून तो असाच आत उजेड पाडतो आणि आधीच्या डॉक्टरने काय घोळ घालून ठेवलाय ते हसत हसत सांगतो. पण 'तुमच्या बायकांनी' हे दोन शब्द माझ्या कानात शिरले आणि तिथेच अडकून बसले. मी चष्मा पुसला, पुन्हा घातला, पुन्हा काढून पुसला. चष्म्याला काही झालेलं नव्हतं. झोताच्या टोकाला उजव्या प्लेटीवर एक बोटाच्या पेराएवढा कंडेन्सर उभा होता, आणि प्लेटीच्या कडेला निळ्या शाईचा शिक्का होता, फिकट, पण वाचता येण्यासारखा. पंधरा. मी भाच्याला म्हटलं, आधी ती बॅटरी बंद कर, डोळ्यांवर येते आहे. ती माझ्या डोळ्यांवर येत नव्हती.

टेबलावर जुनी वर्तमानपत्रं पसरली होती आणि त्यांच्यावर झाकण काढलेला तो रेडिओ बसला होता. पुढून चंदेरी पट्टी, दोन्ही बाजूंना लाकूड, आणि वजन असं की जिना चढताना भाचा दोनदा टेकला. आपण रेडिओ म्हणतो, पण कारखान्यात आम्ही त्याला रिसीव्हर म्हणत असू. स्टेशन त्यानेच पकडायचं, आवाज त्यानेच वाढवायचा आणि तो डाव्या नि उजव्या स्पीकरला वेगवेगळा वाटून द्यायचा. म्हणून आत आवाज वाढवणाऱ्या दोन प्लेटी, म्हणजे सर्किटच्या पाट्या, एक डावी, एक उजवी, जुळ्या बहिणींसारख्या. मी त्या कारखान्यात अकरा वर्षं काढली, आधी अशा प्लेटी भरण्यात, म्हणजे त्यांवर सुटे भाग सोल्डर करण्यात, आणि नंतर तपासण्यात, आणि कारखाना बंद पडल्यावर पुढची वीस वर्षं घरी बसून लोकांचे रेडिओ, टेप, मिक्सर, जे येईल ते दुरुस्त केलं. भाच्याला हे सगळं लहानपणापासून ठाऊक. म्हणूनच जुन्या बाजारात हे धूड दिसल्यावर तो त्याच्या प्रेमात पडला. "तुझ्या हातचा असेल गं कदाचित," तो फोनवर म्हणाला होता, आणि मला बरं वाटलं होतं, हे कबूल करते.

आणल्यावर तो छान वाजत होता. दोन्ही बाजूंनी. फक्त आवाजाचं बटण फिरवताना खरखरायचं. पण चालणारी वस्तू तशीच चालू देणं ह्या पिढीला जमत नाही. भाच्याने इंटरनेटवरून त्याच्या आतल्या जोडणीचा नकाशा उतरवला, नवे कंडेन्सर मागवले आणि एका रविवारी डाव्या प्लेटीवरचे सगळे बदलले. बदलताना त्याच्या लक्षात आलं की मधला मोठा कंडेन्सर छापलेल्या खुणेच्या बरोबर उलट बसवलेला आहे. प्लेटीवर जिथे अधिकची खूण छापली होती, तिथे कंडेन्सरची पांढऱ्या पट्टीची बाजू, म्हणजे उण्याची. त्याने नकाशा पाहिला. नकाशातही प्लेटीवर छापलं होतं तेच. तेव्हा त्याने ती 'चूक' सुधारली, छापल्याबरहुकूम नवा बसवला आणि उजवी प्लेट पुढच्या रविवारसाठी ठेवली. पुढचा रविवार कामात गेला. बाराव्या दिवशी डावी बाजू आधी घरघरली, मग दमेकऱ्यासारखी सुसली आणि गप्प झाली. आता तो रिसीव्हर घेऊन माझ्याकडे आला होता. डावीकडे दुसराच काहीतरी बिघाड असणार, कारण तिथली चूक तर आपण काढली, असा त्याचा हिशोब. आणि आज आलोच आहोत तर उजवीकडचा उलटाही सुलटा करून टाकू, असा बेत. नवा कंडेन्सर खिशातून काढून त्याने टेबलावर ठेवलाही होता.

आणि त्याने फोटो टाकला होता. जुन्या रेडिओवाल्यांचा कुठलासा ग्रुप आहे, त्यावर. पंधरा नंबरच्या शिक्क्यासकट. वर लिहिलं होतं, 'कारखान्यातली गंमत.' त्याने मला कौतुकाने ते वाचायला दिलं. साठ-सत्तर लोक हसले होते. एकाने लिहिलं होतं, गप्पा मारता मारता लावला असणार. दुसऱ्याने, चुकीचा असून चालला इतकी वर्षं, नशीब बघा. आणि तिसरा कोणी शहाणा, असल्या कामामुळेच बुडाली असणार कंपनी. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. इतकी शिकलेली माणसं, कोणी इंजिनियर, कोणी प्रोफेसर, सगळ्यांकडे महागडी मीटरं, आणि त्यांतल्या एकालाही एवढा साधा प्रश्न पडला नाही की उलटा बसवलेला कंडेन्सर अडतीस वर्षं चालेलच कसा? उलटा बसवलेला असला कंडेन्सर तापतो, फुगतो आणि आतलं पाणी सोडून मरतो. बारा दिवसांत मरतो. पण प्लेटीवर खूण छापलेली होती ना. छापलेलं आणि बाईने हाताने केलेलं ह्यांत फरक पडला, की चूक कोणाची हे कोणी तपासत नाही.

तरी मी बोलले नाही. मी कामाला लागले, आणि तेही अगदी पद्धतशीर. आधी मागच्या बाजूला स्पीकरच्या वायरी अदलाबदल केल्या, म्हणजे दोष स्पीकरचा नाही हे कळतं. कळलं. मग बटणांत फवारा मारून ती चाळीस-पन्नास वेळा फिरवली. खरखर गेली. मग स्टेशन लावून पाहिलं. स्टिरिओचा लाल दिवा लागत होता, म्हणजे पुढचा भाग ठणठणीत होता. मग डाव्या प्लेटीच्या तोंडाशी पेचकस टेकवून पाहिलं, तर चालू प्लेट करते ती गुणगुण नाही. भाचा शेजारी खुर्ची ओढून शाळेतल्या मुलासारखा बघत होता आणि मधूनमधून "वा!" म्हणत होता. मला स्वतःची चीड येत होती. ह्यातलं काहीही करायची गरज नव्हती. झाकण निघाल्याबरोबर, बॅटरी पडल्याबरोबर, मला बिघाड कळला होता. दुरुस्ती करणारा माणूस एकदा कळल्यावर उगीच शोधत बसतो, ते वेळ काढायला. मी वेळ काढत होते.

आमची लाईन बत्तीस बायकांची होती. लांब टेबल, वर नळीचे दिवे, प्रत्येकीपुढे एक सोल्डरिंग आयर्न आणि एक रबरी शिक्का. प्लेट भरून झाली की कडेला आपला नंबर मारायचा, म्हणजे उद्या काही निघालं तर कोणाला धरायचं ते कळावं. माझा चौदा. माझ्या शेजारी पंधरा नंबर. ती अंगाने काडी आणि बोलायला टोचरी, म्हणून सगळ्या तिला टाचणी म्हणत, आणि तिलाही ते आवडत असे. ॲम्प्लिफायरच्या प्लेटी आम्ही दोघीच भरायचो. डबा एकत्र खायचो. माझ्या थोरल्याच्या वेळी मला दिवस गेले तेव्हा सोल्डरच्या धुराने मळमळायचं, तर ती माझ्या वाटच्या आठ-दहा प्लेटी रोज भरून द्यायची आणि त्यांवर माझा शिक्का मारायची. आमच्यावर एक सुपरवायझर होता. त्याच्या हातात सदानकदा एक स्टीलची पट्टी, ती टेबलावर आपटून तो बोलायचा, म्हणून त्याचं नाव फूटपट्टी. नव्या रिसीव्हरचं काम सुरू झालं तेव्हा नवा नकाशा आला आणि नव्या छापील प्लेटी आल्या. टाचणीला चौथ्या की पाचव्या दिवशी शंका आली. कशी आली, देव जाणे. तिचं शिक्षण माझ्याएवढंच. पण तिने तपासणीवाल्याकडून मीटर मागून घेतलं आणि चालू प्लेटीवर लावून पाहिलं. जिथे अधिक छापलं होतं तिथेच विजेचा दाब कमी होता. ती सरळ उठून फूटपट्टीकडे गेली. मी माझ्या जागेवरून बघत होते. त्याने मीटरकडे बघितलंच नाही. पट्टी टेबलावर आपटून म्हणाला, "नकाशा वरच्या ऑफिसातून येतो. तुला खुणा वाचता येतात ना? तेवढ्या वाच. डोकं आम्ही चालवतो."

डब्याच्या सुट्टीत ती मला म्हणाली, "मी उलटे लावणार. म्हणजे बरोबर. तूपण लाव."

मी म्हटलं, "आपल्याला काय करायचंय गं? त्यांचा नकाशा, त्यांची डोकेदुखी."

"जळतील ना ते. लोक आपल्या पैशाने घेणार, आणि जळतील."

"मग जळू देत."

हे मी बोलले होते. शब्दशः. त्या वेळी नवरा घरी बसलेला होता आणि धाकटी चार महिन्यांची होती, आणि मला वाटायचं की एवढं कारण कोणालाही पुरावं. टाचणीने डबा बंद केला. ती जागेवर गेली आणि फूटपट्टीच्या नाकावर टिच्चून तिने एकेक कंडेन्सर छापलेल्याच्या विरुद्ध बसवला, रोज, दोन महिने. मी छापल्याप्रमाणे बसवला. शेजारी शेजारी, एकाच टेबलावर. त्या दोन महिन्यांत तिच्या हातांकडे बघायचं मी टाळत असे. एक बाई आपल्या कामाकडे मान खाली घालून बसली आहे, एवढंच मला दिसावं असा माझा प्रयत्न असायचा.

मग दुकानांतून माल परत यायला लागला. वरच्या ऑफिसातून दोन माणसं आली, त्यांनी आमच्या टेबलावरच्या भरलेल्या प्लेटी उचलल्या, आणि त्यांना दिसलं की काही खुणेप्रमाणे आहेत आणि काही खुणेच्या विरुद्ध. झालं. परत आलेले सेट मागच्या खोलीत पडले होते, पण ते उघडून त्यांच्यावर कोणाचा शिक्का आहे हे बघायची तसदी कोणी घेतली नाही. पट्टी आपटली गेली. टाचणीला उभं केलं. ती सांगत राहिली की मीटर आणा, मी दाखवते. मीटर दहा पावलांवर होतं, कोणी आणलं नाही. मीही आणलं नाही. दुपारी मला ऑफिसात बोलावलं आणि माझ्यापुढे कागद ठेवला. त्यावर एकच वाक्य होतं: पंधरा नंबरच्या कामगाराने माझ्यासमोर जाणूनबुजून नकाशाविरुद्ध काम केले. खाली साक्षीदार म्हणून माझी सही. ह्या वाक्यात एक अक्षर खोटं नव्हतं. अडतीस वर्षं मी स्वतःला हेच सांगत आले, की मी खोट्यावर सही केली नाही. ह्याच्याइतकं हलकट समाधान दुसरं नसेल. टाचणीला त्याच संध्याकाळी काढलं. जाताना तिने आपला शिक्का टेबलावर ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. ती रडत वगैरे नव्हती, नुसती बघत होती.

पुढच्या आठवड्यात परत आलेले सेट उघडायचं काम मलाच दिलं. हात चांगला आहे म्हणून. मी एकेक झाकण काढत गेले. फुटलेला कंडेन्सर, आणि कडेला चौदा. पुन्हा फुटलेला, पुन्हा चौदा. एकशे नऊ सेट होते. पंधरा नंबरचा फुटलेला एकही नव्हता. मी प्रत्येकात नवा कंडेन्सर छापलेल्याच्या विरुद्ध, म्हणजे टाचणीसारखा, बसवला. फूटपट्टी मागे उभा राहून बघत होता आणि त्याने हूं की चूं केलं नाही. महिन्याभरात नव्या प्लेटी आल्या, त्यांवर खूण बदललेली होती. त्याबद्दल ना सूचना, ना चर्चा. मला तपासणीच्या टेबलावर बढती मिळाली. जिने सांगितलं ती घरी, आणि जी मूग गिळून बसली ती तपासणीवर. आणि आता, अडतीस वर्षांनी, तिला ओळखत नसलेली सत्तर माणसं तिच्या नंबरावर पुन्हा हसत होती, आणि हे सगळं माझ्याच टेबलावर, माझ्याच भाच्याच्या हातून चाललं होतं.

"सापडलं का?" भाच्याने विचारलं.

मी मीटर उचललं. काळी सळई रेडिओच्या लोखंडी सांगाड्याला लावली आणि लाल त्याच्या हातात दिली. "उजव्या प्लेटीवर त्या कंडेन्सरच्या दोन्ही पायांवर टेकव. आकडे मोठ्याने वाच."

त्याने वाचले. एकदा वाचले, थांबला, पुन्हा टेकवून पुन्हा वाचले. "हे उलटं कसं येतंय? अधिकच्या जागी कमी आहे."

"मग अधिक कुठे आहे?"

"पण छापलंय ना, मावशी. नकाशातसुद्धा आहे. नकाशा कसा चुकेल?"

"का? नकाशा काढणारा काय स्वर्गातून पडला होता?" माझा आवाज इतका चढला की तो खुर्चीसकट मागे सरकला. "छापलेलं चुकत नाही, आणि बाई चुकते, हो ना? तुझ्या त्या ग्रुपवरच्या विद्वानांना सांग, जो सत्तर लोकांना हसू आणतोय तो बरोबर आहे. आणि जो तू सुधारलास, तो फुटलाय. वास घे."

त्याने वाकून डाव्या प्लेटीचा वास घेतला. तो आंबूस वास मला टेबलाच्या ह्या बाजूलासुद्धा येत होता. त्याचा चेहरा पडला. वाईट मुलगा नाही तो. गुपचूप आयर्न तापवून दिला. मी फुटलेला काढला, प्लेट पुसली आणि त्याने उजवीसाठी आणलेला कंडेन्सर डावीत बसवला, छापलेल्या खुणेच्या विरुद्ध. सुरू केल्यावर दोन्ही बाजूंनी आवाज आला. कोणीतरी बाई बातम्या वाचत होती, आणि ती आमच्या दोघांच्या बरोबर मध्ये बसल्यासारखी वाटली. भाच्याने टाळ्या वाजवल्या आणि तत्काळ फोन काढला. त्याने काय लिहिलं ते मी त्याच्या खांद्यावरून वाचलं: 'माझ्या मावशीने नकाशातली चूक शोधून काढली! सलाम!'

"पूस ते."

"अगं का? तूच तर शोधलीस."

म्हणजे पुन्हा बढती मलाच. मला इतका संताप आला की मी रेडिओ बंद केला, आणि उभ्यानेच, त्या टेबलाशी, त्याला सगळं सांगितलं. शिक्का, मीटर, कागद, एकशे नऊ सेट, काही गाळलं नाही. तो ऐकत राहिला. मग म्हणाला, "ठीक आहे, असं लिहितो. कारखान्यातल्या एका कामगार बाईंना ही चूक तेव्हाच कळली होती."

"एका नाही." मी तिचं पूर्ण नाव सांगितलं, आधी माहेरचं आणि मग सासरचंही. त्याने लिहिलं. "आता पुढे लिही. त्यांना ह्याच कारणावरून काढून टाकलं. त्यांच्याविरुद्ध ज्या बाईने सही केली ती चौदा नंबर. माझी मावशी."

त्याची बोटं थांबली. "हे कशाला? तुला कोण विचारतंय आता?"

तो प्रेमाने म्हणाला. माझं अख्खं आयुष्य ह्याच प्रेमळ वाक्यावर निभावलं आहे. नवराही असाच म्हणाला होता, बहीणही, आणि मी स्वतः तर रोज. मी फोन त्याच्या हातातून घेतला आणि एका बोटाने, एकेक अक्षर शोधत, ते वाक्य लिहिलं आणि पाठवून दिलं. तो माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाला, "जाऊ दे मावशी. सुटलीस. झालं."

झालं! काय झालं? अनोळखी सत्तर माणसांपुढे शहाणपण केलं, आणि सुटले? मी आत जाऊन कपाटातली वही काढली. टाचणीचा नंबर माझ्याकडे सहा वर्षांपासून होता, आमच्या लाईनवरच्या एकीने दिलेला. तो लावायला मला सहा वर्षं मिळाली होती. मी लावला. तिकडे भांड्यांचा आवाज येत होता. "कोण?" असं तिने विचारलं, आणि तो आवाज इतका तोच होता की मी नाव सांगायचं सोडून 'चौदा' म्हणाले. भांड्यांचा आवाज थांबला. मागून कोणीतरी विचारलं, कोणाचा फोन आहे, तर ती म्हणाली, "कोणी नाही. कारखान्यातली एक." मग मला म्हणाली, "बोल."

मी बोलले. क्रमाने सगळं बोलले, परत आलेल्या सेटांचंसुद्धा.

"तू लावलेला उजवीकडचा अजून चालू आहे," मी शेवटी म्हणाले.

"असणारच."

"तुझं बरोबर होतं."

"हे मला काय सांगतेस?" ती म्हणाली. "मला माहीतच होतं. त्यांना सांगायचं होतंस."

तिने फोन ठेवला नाही. ती थांबली होती. माझ्याजवळ कारणं होती, चांगली घोटून तयार केलेली, अडतीस वर्षांची, आणि ती एकामागून एक माझ्या तोंडाशी येऊन उभी राहिली.

"हो," मी म्हणाले.

तेव्हा तिने फोन ठेवला.